मीटर कोणाच्या नावावर?

मे महिन्यात भुसावळच्या माझ्यासारख्या वायरमनचा फोन थंड पडत नाही. त्या दिवशी सकाळपासूनचा तिसरा फोन फैजपूरहून होता. पोरगा पुण्याला शिकतो, सुट्टीत घरी आलेला.

"भाऊ, मुंबईला म्हणे वीज कंपनी बदलता येते. आपल्याकडं स्वस्त कोणती?"

"आपल्याकडं एकच. बिल काढून ठेव, येतो मी."

तापीचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना केळीच केळी, पण रस्त्यावर त्या सावलीचा थेंब पडत नाही. पोचलो तेव्हा बारा वाजले होते. दोन मजली घर. खाली थोरले आबा आणि त्यांची आई, वर धाकटे नाना. चार वर्षं झाली, दोन्हीकडं स्वयंपाक वेगळा. मीटर मात्र एकच, आणि त्याच्यावर ९०० युनिट.

आबांनी बिल पुढं सरकवलं. "वीज बनते आपल्या दीपनगरला, आणि आपल्यालाच एवढी महाग?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता नुसतं पाणी पितो.

बिल उलटं करून पोराला स्लॅब दाखवले. पहिले १०० युनिट स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्याच्या पुढं सगळ्यात महाग. शेवटच्या स्लॅबचा दर पहिल्याच्या जवळपास तिप्पट. यांचे ४०० युनिट त्या शेवटच्या खान्यात पडत होते. म्हणजे इथं एक युनिट वाचलं तर ते सगळ्यात महागातलं वाचतं. घरगुती ग्राहकाला दर निवडता येत नाही, खाना तेवढा बदलता येतो.

आधी मीटर बघितला. दोन्ही एसी एमसीबीवरून, म्हणजे बोर्डातल्या मेन बटणावरून, पाडले, दोन्ही फ्रिजचे प्लग काढले, पंप, पंखे, घरघंटी, सगळं बंद. आता मीटरवरचा लाल दिवा गप्प बसायला हवा. तो लुकलुकतच होता. त्या मीटरवर छापलेलं होतं, ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मोबाईल लावून मोजलं, मिनिटाला आठ वेळा. म्हणजे दीडशे वॅट कोणीतरी गुपचूप खात होतं.

तासभर गेला. शेवटी जिन्याखाली, जुन्या गोण्यांच्या मागं, इन्व्हर्टर सापडला. त्याच्याकडं कोणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण इन्व्हर्टर वीज देतो, घेतो कशाला, असा सगळ्यांचा समज. बॅटरीला हात लावला तर तवा. पाणी आटलेलं, प्लेटा उघड्या. अशी बॅटरी कधीच भरत नाही आणि चार्जर काही थांबत नाही. चोवीस तास दीडशे वॅट, महिन्याला शंभरेक युनिट. पोरगा म्हणाला, "म्हणजे कंपनीपेक्षा बॅटरी बदलायला पाहिजे." पोरगं हुशार आहे.

पुढचा उपाय साधा होता. स्वयंपाकघरं वेगळी, जिना बाहेरून, दोन खरीखुरी कुटुंबं. रीतसर दुसरं कनेक्शन मिळू शकतं. (एकाच कुटुंबानं स्लॅब चुकवायला दोन मीटर लावले तर कंपनी ते एकत्र धरते, तो धंदा मी करत नाही.) कागदावर मांडून दाखवलं: साडेचारशे-साडेचारशे झाले की शेवटचा स्लॅबच उडाला, आणि स्वस्तातले १०० युनिट दोघांनाही मिळाले. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दर महिन्याला लागणारी रक्कम, दोनदा भरायचा, तरी फायदाच. नानांचा चेहरा खुलला. आबा कागदाकडं बघत राहिले.

आजी बाजेवर पडून ऐकत होत्या. उठून बसल्या.

"चुल्हे दोन झाले तवा मी बोलली नाही. आता मीटरबी दोन? लोकं काय म्हनतीन, पाटलांची वाटनी झाली म्हनून?"

"आजी, ही वाटणी नाही, बिलाचा हिशोब आहे."

"हिशोबानंच वाटन्या होतात बाप्पा."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. दोघं भाऊही एकमेकांकडं बघेनात.

मग गच्चीवर गेलो. तिथं सोलरची गोष्ट निघाली. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. आपल्या उन्हात एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे महिन्याला ३६० च्या आसपास. दिवसा बनलेली जास्तीची वीज नेट मीटरमधून कंपनीकडं जाते आणि रात्रीच्या एसीच्या युनिटांतून वजा होते. एवढ्यानं महागडा खाना जवळपास रिकामा. मीटर एकच राहणार.

आजी जिना चढून वर आल्या, धापा टाकत. "अन् मी बिबड्या कुठी घालू?"

बिबड्या म्हणजे उन्हात वाळवायचे ज्वारीचे पापड. अर्धी गच्ची मोकळी राहील, पॅनल उंच स्टँडवर बसवू, असं खडूनं आखून दाखवलं. त्यांनी पावलं टाकून स्वतः मोजलं, मग मान हलवली.

अर्ज भरायला बसलो आणि अडलो. बिल अजून आजोबांच्या नावावर होतं, ते जाऊन सहा वर्षं झालेली. अर्जदाराचं आणि बिलावरचं नाव एकच लागतं, तर आधी नाव बदलायला हवं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. मी विचारलं, "कोणाचं नाव टाकू?"

आबा नानांकडं, नाना भिंतीकडं. बाहेर कूलरमधून पाणी टपकल्याचा आवाज येत होता.

"माह्यं टाक," आजी म्हणाल्या, आणि पोराला म्हणाल्या, "पेन दे रे. सही मले येते."