‘चेंगराचेंगरी’ म्हणू नका

भारतातून लिव्हरपूलला येणारी मंडळी अ‍ॅनफील्ड या फुटबॉल मैदानाची फेरी सहसा चुकवत नाहीत. मेन स्टँडच्या बाहेर, ‘९७ अ‍ॅव्हेन्यू’वर हिल्सबरोचं स्मारक आहे, शेफिल्डच्या त्या मैदानावरच्या १९८९च्या दुर्घटनेत गेलेल्या लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचं. नावांची यादी आणि कायम तेवती ज्योत. तिथे उभं राहून आपल्याकडच्या पाहुण्यांचा हमखास प्रश्न येतो, ‘हुल्लडबाजांच्या चेंगराचेंगरीत गेलेली माणसं ना ही?’ विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि त्या खोडून काढायला या शहराची सत्तावीस वर्षं गेली.

आधी शब्दाचं सांगते. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, चेंगराचेंगरी. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने पहिल्याला. या शब्दांची घडणच अशी आहे की दोष आत सापडलेल्यांवर जातो. लोकांनीच लोकांना चेंगरलं, विषय संपला. दार कुणी उघडलं, कुंपण कुणी घातलं, माणसं कुणी मोजली नाहीत, हे विचारायला त्या शब्दात जागाच उरत नाही. इंग्रजीतला ‘स्टँपीड’ तर सरळ उधळलेल्या गुरांचा शब्द. हिल्सबरोत कुणी उधळलं नव्हतं. माणसं उभी होती आणि बरीचशी उभ्या उभ्याच गेली. छातीचा भाता फुलायला जागा लागते. चहूबाजूंनी दाब आला की श्वास आत घेता येत नाही आणि काही मिनिटांत शुद्ध हरपते. पडून तुडवलं जाणं वेगळं, हे वेगळं.

१५ एप्रिल १९८९, शनिवार. एफए कप या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, सुरुवात दुपारी ३ वाजता. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनची बाजू दिली होती. तिथे उभं राहून बघायची १०,१०० तिकिटं होती आणि त्या सगळ्यांना आत घ्यायला फिरकी दारं म्हणजे टर्नस्टाइल्स सात. आता साधा हिशोब करून बघा. एका दाराच्या वाट्याला साधारण १,४४० माणसं. आजचं ब्रिटिश मार्गदर्शक, ज्याला इथे सगळे ‘ग्रीन गाइड’ म्हणतात, एका दारातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतं. म्हणजे एकही दार न अडकता, एकही तिकीट न अडखळता, दोन तास दहा मिनिटं. अडीच वाजेपर्यंत यातले निम्मेही आत गेले नव्हते, अजून साडेपाच हजारांहून जास्त बाहेर होते. उरलेल्या अर्ध्या तासात सात दारांतून सव्वादोन-अडीच हजार जाऊ शकतात. राहिलेल्या तीनेक हजारांचं काय, याचं उत्तर त्या दिवशीच्या बंदोबस्तात कुठेच नव्हतं. सामना पंधरा मिनिटं पुढे ढकलणं हे एक उत्तर होतं. त्याच मैदानावर १९८७च्या उपांत्य सामन्यात ते केलंही होतं. १९८९मध्ये केलं नाही.

२ वाजून ५२ मिनिटांनी बाहेरची कोंडी फोडायला ‘सी’ गेट उघडलं. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांच्या आदेशाने. पाच मिनिटांत सुमारे दोन हजार माणसं आत आली, चालत. समोरच बोगद्याचं तोंड, त्यावर ‘स्टँडिंग’ अशी पाटी. पहिल्यांदा आलेला माणूस दुसरीकडे जाईलच कशाला? तो उताराचा बोगदा थेट गोलमागच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या कप्प्यांत उतरत होता आणि ते कप्पे आधीच भरलेले होते. आजूबाजूचे कप्पे मोकळे होते. आदल्या वर्षी मधले कप्पे भरल्यावर बोगद्याच्या तोंडाशी पोलीस उभे करून लोकांना बाजूला वळवलं होतं. या वेळी ते करायचं कुणाला सुचलं नाही. गेट उघडणं ही चूक नव्हती असं अनेक जाणकार म्हणतात आणि मलाही ते पटतं. बाहेरसुद्धा माणसं गुदमरायला लागली होती. चूक ही की गेट उघडताना बोगदा बंद केला नाही.

हे कप्पे आले कुठून, यातच सगळं आहे. इंग्रजीत त्यांना ‘पेन’ म्हणत, म्हणजे कोंडवाडा. १९८१च्या उपांत्य सामन्यात याच बाजूला दाबादाबी होऊन ३८ जण जखमी झाले. त्यानंतर उभ्या कुंपणांनी जागेचे तुकडे पाडले. तुकडे पाडले, पण मोजणी मात्र सगळ्या बाजूची एकत्रच राहिली. सात दारांतून किती आत गेले ते कळत होतं, कुठल्या कोंडवाड्यात किती आहेत ते नाही. सुरक्षा प्रमाणपत्र १९७९चं, बदल होऊनही तेच चालू. त्यात ३ आणि ४ मिळून २,२०० माणसं धरली होती. नंतर तज्ज्ञांनी मापं घेऊन हिशोब केला तेव्हा ती जागा सतराशेची निघाली. त्या दुपारी तिथे तीन हजारांच्या आसपास माणसं होती. कप्पा ३ मधला १२४ए क्रमांकाचा दाब अडवणारा कठडा मोडला, त्याला टेकून असलेले खाली गेले आणि मागचे त्यांच्यावर. मैदानाच्या बाजूला उंच कुंपण, त्यात माणूस जेमतेम बाहेर पडेल एवढी दारं. ती आदेशाशिवाय उघडायची नाहीत अशी सूचना होती. ३ वाजून ६ मिनिटांना खेळ थांबला. जाहिरातींचे फलक उपटून त्यांची स्ट्रेचर केली ती प्रेक्षकांनीच.

आता हुल्लडबाजी. त्या काळच्या फुटबॉलमध्ये ती नव्हती असं कुणी म्हणत नाही. १९८५च्या २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर लिव्हरपूलचे लोक इटलीच्या ज्युव्हेंटस क्लबच्या प्रेक्षकांवर धावून गेले, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, बहुतेक इटालियन. पुढे लिव्हरपूलच्या १४ जणांवर मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला आणि इंग्लिश क्लब पाच वर्षं युरोपबाहेर राहिले. त्याच वर्षी लंडनच्या चेल्सी क्लबच्या मालकांनी मैदानाभोवती विजेचं कुंपण उभं केलं होतं. स्थानिक प्रशासनाने ते चालू होऊ दिलं नाही. त्या काळात प्रेक्षक म्हणजे आवरायचं संकट, असंच सगळे धरून चालत. कुंपणं त्या धसक्यातून आली. कोंडवाड्यात माणसं कुंपणावर चढायला लागली तेव्हा नियंत्रण कक्षातल्यांना ती मैदानावर घुसणारी दंगेखोर मंडळी वाटली, तेही त्यातूनच. खिडकीतून कप्पे समोर दिसत होते. डोळ्यांना दिसलं, पण मनाने आधीच दुसरं ठरवलं होतं.

पुढे जे झालं ते वाचताना आजही माझा संताप होतो. चाहत्यांनी गेट फोडलं, असं डकनफील्ड यांनी तेव्हाच फुटबॉल संघटनेला सांगितलं. ते खोटं होतं, हे त्यांनी स्वतः २०१५मध्ये कबूल केलं. मृतांच्या रक्तातलं दारूचं प्रमाण तपासलं, लहान मुलांच्याही. रक्तात दारू सापडलेल्यांची नावं गुन्हेगारांच्या नोंदींत शोधली. १९ एप्रिलला ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं की दारुड्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले. सरकारने चौकशीला नेमलेल्या लॉर्ड जस्टिस टेलर यांनी चारच महिन्यांत लिहून ठेवलं की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे होतं. तरी १९९१च्या मृत्यू-चौकशीत ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल आला, आणि ३ वाजून १५ मिनिटांनंतर काय झालं ते ऐकायलाच नकार मिळाला. मृतांच्या घरच्यांनी सोडलं नाही. २०१२मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रं उघडली. पोलिसांचे १६४ जबाब बदलले होते. त्यांतल्या ११६ मध्ये पोलिसांवर टीका होती, ती काढली किंवा सौम्य केली होती. ३:१५ नंतर मदत मिळाली असती तर ४१ जण कदाचित वाचले असते, हेही त्यातच निघालं. २६ एप्रिल २०१६ला, नव्याने झालेल्या मृत्यू-चौकशीत, वॉरिंग्टनच्या ज्यूरीने ‘बेकायदा मृत्यू’ असा निकाल दिला आणि चाहत्यांच्या वागण्याचा यात काहीही वाटा नव्हता असं स्पष्ट लिहिलं. फौजदारी खटल्यात मात्र डकनफील्ड २०१९मध्ये निर्दोष सुटले. मैदान ज्यांचं, त्या शेफिल्ड वेन्सडे क्लबच्या तेव्हाच्या सचिवांना ६,५०० पौंड दंड झाला, बस. सत्त्याण्णवावा मृत्यू २०२१मध्ये झाला, बत्तीस वर्षं त्या दिवसाच्या जखमा सोसून.

म्हणून इथे ‘द सन’ मागू नका. शहरातली कित्येक दुकानं तो ठेवतच नाहीत. लिव्हरपूलच्या जर्सीच्या मानेवर मागे छोटे दोन आकडे दिसतात, ९७, दोन ज्योतींच्या मधे. तो खेळाडूचा क्रमांक नव्हे.

सामना बघायला येणार असाल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मृतांवरून घोषणा देणं, हातवारे करणं याला इथे गुन्हा म्हणून धरतात. २०२३च्या एफए कप अंतिम सामन्याला ‘९७’वरून घाणेरडा मजकूर असलेला शर्ट घालून आलेल्या माणसाला १,००० पौंड दंड आणि चार वर्षांची मैदानबंदी झाली. मैदानबंदी म्हणजे नुसतं एका मैदानावर यायचं नाही असं नसतं. किमान तीन वर्षं, तुरुंगवास झाला असेल तर सहा ते दहा, देशातल्या सगळ्या ठरावीक सामन्यांना मनाई, आणि परदेशात स्पर्धा असली की पासपोर्ट पोलिसांकडे जमा. मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि लिव्हरपूलकरही यात स्वच्छ नाहीत. १९५८च्या म्युनिक विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडची माणसं गेली. विमानासारखे हात पसरून त्यांना डिवचणारे अ‍ॅनफील्डमध्येच बसत आलेत. मार्च २०२३मध्ये दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना एकत्र निवेदन काढावं लागलं की हे थांबवा. आपल्या मृतांसाठी रडायचं आणि दुसऱ्यांच्या मृतांवर हसायचं, हे मला कुठल्याच क्लबच्या रंगात चालत नाही.

आपल्याकडे काय? १६ ऑगस्ट १९८०ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात १६ जण गेले. दर वर्षी त्या तारखेला कोलकात्यात रक्तदान होतं. २३ नोव्हेंबर १९९४ला नागपुरात मोर्चातले ११४ गोवारी गेले. दर वर्षी त्यांच्या स्मारकाशी माणसं जमतात, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. आपण विसरतो असं इथून कुणी म्हणालं की मी हे दोन दाखले देते. पण २५ जानेवारी २००५ची मांढरदेव यात्रा आठवा. निसरड्या पायऱ्या, चिंचोळी वाट, दुतर्फा दुकानं, सुमारे ३०० मृत्यू. आणि २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा पूल. पाऊस म्हणून माणसं जिन्यावर थांबलेली, खालून लोकलची गर्दी वर येतेय, २३ मृत्यू. त्यानंतर आठवडाभर चर्चा कशाची झाली? ‘फूल पडलं’चं ‘पूल पडला’ झालं, या अफवेची. जिन्याची रुंदी किती आणि गर्दीच्या वेळी मिनिटाला किती माणसं तिथे येतात, ही चर्चा मागे पडली. ‘बेशिस्त गर्दी’ आणि ‘अफवा’ हे आपले ‘दारुडे हुल्लडबाज’ आहेत. पुढे लष्कराने फेब्रुवारी २०१८मध्ये नवा पूल उभा करून दिला, म्हणजे जागा होती आणि पूल बांधता येत होता.

यात्रेत, स्टेशनात उपयोगी पडेल असं थोडं. चौरस मीटरमध्ये पाचपेक्षा जास्त माणसं झाली की पाय आपले राहत नाहीत, गर्दी पाण्यासारखी हेलकावते. चहूबाजूंनी खांदे लागायला लागले की तेव्हाच बाहेर पडा, नंतर जमत नाही. अडकलात तर दोन्ही हात छातीसमोर बॉक्सरसारखे धरा, म्हणजे बरगड्यांपुढे दोन इंच जागा राहते. लाटेच्या उलट ढकलू नका. लाट ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरका. भिंत आणि कठडा टाळा. चप्पल, मोबाइल पडला तर वाकू नका. ओरडण्यात श्वास घालवू नका. मागचे ढकलतात ते बहुतेकदा पुढचं दिसत नाही म्हणून. त्यांना थांबवायचं काम मागे उभ्या केलेल्या माणसाचं आहे, पुढच्यांचं नाही.

आणि हे ज्ञान फक्त साहेबाकडे आहे असं कृपा करून समजू नका. माउलींच्या पालखीत प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची कुठली, रथामागची कुठली, ठरलेलं. गर्दीचे तुकडे पाडलेत, पण प्रत्येक तुकड्याला नाव आणि जबाबदार माणूस आहे. मुक्कामाच्या तळावर समाज आरतीला चोपदार दंड उंचावतात, की टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार आवाजाच्या रोखाने तिथवर चालत जातात, काय झालं ते ऐकून घेतात, आणि त्यानंतर आरती सुरू होते. बाकीची हजारो माणसं तोवर गप्प उभी असतात.