मंडप नसलेल्या द्राक्षबागा

आई-आप्पा पिंपळगाव बसवंतहून दीड महिन्यासाठी आमच्याकडे जर्मनीत फ्रायबुर्गला आलेत. पहिले दोन आठवडे ट्राम, चर्च, सुपरमार्केट सगळं बघून झालं तरी आप्पांचं एकच, "अगं, शेतं कुठंयत तुमच्याकडची?" मग सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी नवरा, लेक, आई-आप्पा आणि दशम्यांचा डबा (आईचा हट्ट) असं सगळं गाडीत कोंबलं आणि निघालो फ्रान्सला. ऐकायला लई भारी वाटतं, पण तिथलं कोलमार शहर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे नाशिकहून लासलगावला जाऊन आल्यासारखं. ब्रायझाखला ऱ्हाईन ओलांडली तरी आप्पा विचारतायत बॉर्डर कधी येणार. म्हटलं, आप्पा, मागं गेली. "सापुताऱ्याला जाताना यापेक्षा जास्त थांबतो आपण," इति आप्पा.

हा आल्सासचा, म्हणजे फ्रान्सच्या जर्मनीला लागून असलेल्या भागाचा, द्राक्षपट्टा. जवळजवळ १७० किलोमीटरचा वाईन रूट आहे, १९५३ पासून, एकापुढे एक गावं आणि मध्ये नुसत्या बागा. मी ठरवून एगिसहाइमला नेलं होतं, कारण ते गावच गोल आहे, गल्ल्या एकात एक कड्यांसारख्या फिरतात, लाकडी चौकटींची रंगीत घरं, छपरांवर करकोच्यांची घरटी (करकोचे बहुतेक आफ्रिकेला निघून गेलेले, लेकीचा मूड गेला). आईने फोटो काढून घेतले, आप्पा मात्र दहा मिनिटांत गावाबाहेरच्या बागेच्या बांधावर.

"ह्याला मंडप कुठंय? हे तर कुंपण दिसतंय." खरंच, आपल्याकडं मंडपाखाली वाकून चालायची सवय आणि इथे उभ्या तारांवर वेली, छातीएवढ्या उंच, ओळींमध्ये मुद्दाम वाढवलेलं गवत. गवत बघून आप्पांना झोपच लागणार नाही आता. तोडणी चालू होती. एक म्हातारे गृहस्थ कात्री घेऊन होते, त्यांना तिकडची जर्मनसारखी बोली यायची म्हणून मी मध्ये दुभाषी. त्यांनी गेवुर्झट्रामिनर या वाईनच्या गुलाबीसर द्राक्षाचा एक घड आप्पांच्या हातात दिला. मुठीत मावेल एवढा घड, मणी वाटाण्याएवढे. आप्पांनी एक तोंडात टाकला, चावला आणि थांबले. "बी आहे." मग दुसरा. "पण साखर आहे हां, चांगली आहे." मग मोबाईलवर आपल्या बागेतला बिनबियांच्या थॉमसनचा घड दाखवला. गृहस्थ दोन बोटांनी फोटो मोठा करून बघतच राहिले. आणि आपण वर्षात दोनदा छाटणी करतो, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला गोडी, हे सांगितल्यावर त्यांनी मला परत विचारलं, नीट ट्रान्सलेट केलंस ना? त्यांच्या वेली हिवाळाभर झोपतात, छाटणी एकदाच. डावणी-भुरी हे रोग मात्र दोघांच्या पाचवीला पुजलेले, त्यावर दुभाष्याशिवाय पाच मिनिटं हातवारे झाले.

पश्चिमेला व्होज डोंगर दिसतो, तो पाऊस अडवतो, म्हणून कोलमार फ्रान्सच्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक. आप्पांना हे सेकंदात कळलं. "म्हणजे इगतपुरी डोंगरापलीकडं आणि आपण निफाडला."

या सगळ्यात अडीच वाजले आणि इथेच माझी माती झाली. फ्रान्समध्ये दोनच्या आसपास किचन बंद होतं हे मला माहीत होतं, तरी विसरले. दोन ठिकाणी हात जोडले, दोन्हीकडे फक्त कॉफी. शेवटी पार्किंगमध्ये दगडी कठड्यावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आई काहीच बोलली नाही, पण तिचा चेहरा बोलत होता.

मग हट्टाने संध्याकाळपर्यंत थांबलो, कारण फ्लामकुखन (तिकडचा पिझ्झासारखा प्रकार) बऱ्याच ठिकाणी संध्याकाळीच मिळतो. पूर्वी पाव भाजायच्या आधी भट्टी किती तापलीय ते बघायला हा टाकायचे म्हणे. पापडासारखा पातळ लाटलेला, त्यावर आंबटसर क्रीम आणि कच्च्या कांद्याच्या चकत्या. त्यात बेकन असतं, आम्ही ते काढायला सांगितलं. लाकडी पाटावर येतो, कडा काळ्या पडलेल्या, कांद्याची टोकं जळून गोड झालेली, मधलं क्रीम अजून खदखदतंय. काटे-चमचे बाजूला ठेवून गुंडाळून हातानेच खायचा. आईने पहिल्या घासाला "कांदा आपलाच बरा" म्हणून घेतलं आणि मग एकटीने अख्खा संपवला. सोबत मुन्स्टर चीज मागवलं, ज्याचा वास… आपण पायमोज्यांपर्यंतच थांबूया. लेक नाक दाबून टेबलाखाली. पण त्याच्यासोबत वाटीत दाणे आले ते आईने बोटावर चुरडून हुंगले, "अगो बाई, शहाजिरं!" आणि मग ते चीजसुद्धा तिने शहाजिऱ्याच्या जोरावर खाल्लं.

परत येताना अंधार. लेक झोपलेली, आप्पांचा चुलतभावाच्या पोराला व्हॉट्सॲप कॉल. गोल गाव नाही, फ्लामकुखन नाही, फ्रान्स तर नाहीच नाही. "इकडच्या द्राक्षाला बी असतं रे," एवढंच सांगितलं आणि लगेच, "पाऊस उघडला का? मी येईपर्यंत छाटणीला हात लावू नको."