काळी राहिलेली पट्टी

तुर्भ्याच्या एमआयडीसीत आमची लॅब. खाणवाले आणि आरएमसीवाले (तयार काँक्रीट पुरवणारे) खडी पाठवतात. तिचा तुकडा काचेवर चिकटवून कार्बोरंडमच्या पुडीवर घासत 0.03 मिलिमीटरपर्यंत पातळ करायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि काँक्रीटला चालेल की नाही ते लिहून द्यायचं. वीस वर्षं तोच काळा दगड, बसाल्ट. मला वाटायचं, आता झोपेतही ओळखेन.

त्या दुपारी नवा पोरगा म्हणाला, "मॅडम, यात फेल्डस्पार पेटतच नाही." फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही बसाल्टमधली मुख्य खनिजं; मायक्रोस्कोपखाली ती उजळली की आम्ही 'पेटली' म्हणतो.

"जास्त घासलीस. दुसरी कर," मी मान वर न करता म्हटलं. तो हलेना. म्हणाला, "मग पायरॉक्सिन कसं पेटतंय?"

उठावंच लागलं. साध्या उजेडात सगळं नेहमीचं: फेल्डस्पारच्या बिनरंगी लांबट पट्ट्या, मधे पायरॉक्सिनचे दाणे. वरचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा उजेड पुढे सोडणारी गाळणी, आत सरकवला. पायरॉक्सिन पिवळं, निळं, गुलाबी झालं. पट्ट्या मात्र ठार काळ्या. खरं तर तिथे राखाडी-पांढरे पट्टे उमटायला हवेत. स्लाइडखालची चकती फिरवली. एका फेरीत स्फटिक चारदा विझतो, चारदा उजळतो. या पट्ट्या पूर्ण फेरीत काळ्याच. म्हणजे काच. बसाल्टमध्ये काच असतेच, पण ती स्फटिकांच्या मधल्या फटींत, वेडीवाकडी. इथे काच फेल्डस्पारच्या काटकोनी आकारात बसली होती. दगड वितळला असता तर हा आकार राहिलाच नसता.

मॅस्केलिनाइट! कॉलेजात पाठ केलेला शब्द वीस वर्षांनी तोंडात आला. काही लाख वातावरणांएवढा दाब क्षणभर बसला, की फेल्डस्पारची आतली रचना न वितळता कोसळते आणि बाहेरचा आकार तसाच राहतो. बिहारात शेरघाटीला 1865 साली पडलेल्या उल्केत हे पहिल्यांदा सापडलं. ती उल्का मंगळावरून आलेली, हे पुढे कळलं. ज्वालामुखीला एवढा दाब जमत नाही.

मग तुर्भ्याच्या खडीत हे कुठून? स्लाइड उलटी केली. मागे पिवळ्या कागदावर शाईत "लो-7". आमच्या सरांनी नौपाड्यातलं घर आवरताना दिलेली जुनी पेटी. तिच्या रिकाम्या खाचांत आम्ही आमच्या स्लाइड ठेवत होतो, आणि पोराने शेजारची उचलली होती.

सरांना फोन लावला. "लो म्हणजे लोणार, अगं!"

बुलढाण्यातलं ते 1.8 किलोमीटरचं विवर आपल्याच दख्खनच्या बसाल्टमध्ये. जगभर उल्का आदळल्याचा, म्हणजे आघाताचा, पुरावा म्हणून क्वार्ट्झच्या दाण्यांतल्या समांतर रेषा शोधतात, पण आपल्या दगडात क्वार्ट्झ जवळपास नाहीच. म्हणून 1973 साली लोणारच्या आघाताची बाजू मांडली गेली त्यात याच काळ्या काचेची साक्ष होती. वयावर अजून एकमत नाही: एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षं, दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार.

पोराला मी सॉरी म्हटलं, जरा पुटपुटतच. खाणीची खरी स्लाइड शेजारच्या खाचेत होती. तिच्यातल्या पट्ट्या नीट पेटल्या आणि साडेसहाला रिपोर्ट गेला. सरांचा तेवढ्यात पुन्हा फोन:

"रिपोर्टात उल्का घालू नकोस हं. खाणवाला भाव वाढवेल."