आमची वाटचाल : हँडब्रेकनं लावलेली शिस्त

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या लेथशेजारी मी वाढलो. पुढे इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला आलो आणि आठ वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात टायर बदलले. 12 वर्षांपूर्वी मेहुण्यानं आणि मी दोन गाड्या जेमतेम मावतील एवढी शेड भाड्यानं घेतली. तो हिशेब बघतो, मी हात काळे करतो.

पहिल्याच हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षिका त्यांची लाल माझदा एमएक्स-5 घेऊन आल्या. 1992 सालची, दोन सीटांची, कापडी टपाची. आमच्या हेल्परपेक्षा वयानं मोठी. एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीला, हँडब्रेकवर नापास झालेली. हँडब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या निदान 16 टक्के भरावा लागतो, तो भरत नव्हता. मी दांड्याजवळचा नट आवळून केबल ताणली आणि गाडी पास झाली. अर्ध्या तासात बिल फाडलं म्हणून मेहुणा खूश.

तीन आठवड्यांनी बाई परत. मागच्या डाव्या चाकाला जळका वास, चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क तापून निळी पडलेली. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या चाकाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

केबल बिचारी ठीकच होती. या गाडीचा हँडब्रेक मागच्या कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकच्या पॅडनी डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या, पोटातच असतो: केबल एक छोटी आर्म ओढते आणि ती पिस्टन पॅडवर रेटते. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. ते आर्मच्या सांध्यात आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांत शिरलं की गंज सगळं धरून बसतो. मी केबल ताणली आणि अडकलेल्या आर्मला मागे यायला जागाच उरली नाही.

दोन्ही कॅलिपर आणि डिस्क पदरचे पैसे घालून बदलले. त्या महिन्याचं भाडं मेहुण्यानं उसनवारीनं भरलं.

तेव्हापासून पुढच्या चाकांना अडण लावून मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवायचा आणि आधी केबल ढिली करायची, हा आमचा नेम. पिना काढून घासायच्या, ब्रेकचं ग्रीस लावायचं. आर्म ढकलून सोडली की खटकन मागे आली पाहिजे. रेंगाळली तर कॅलिपर खोलायचाच. मग कॅलिपरच्या मागचा 14 च्या पान्ह्याचा बोल्ट काढला की आत 4 मिलिमीटरच्या ॲलन कीची (षटकोनी किल्लीची) जागा दिसते. चाक जाम होईपर्यंत ती घड्याळाच्या दिशेनं फिरवायची, मग साधारण एक तृतीयांश फेरा उलट. केबल सगळ्यात शेवटी, दांडा 5 ते 7 खटक्यांत धरेल एवढीच. नवे पॅड घालतानाही पिस्टन शिकंज्यानं दाबणाऱ्यांचे कॅलिपर आमच्याकडे येतात. तो याच ॲलननं उलटा फिरवून मागे घ्यायचा असतो.

अर्ध्या तासाचं काम तीन तासांवर गेलं तेव्हा मेहुणा आठवडाभर कुरकुरत होता. पण बाईंनी त्यांच्या ओळखीच्या एमएक्स-5 वाल्यांना एकेक करून पाठवलं. आता फळीवर दुरुस्त केलेल्या कॅलिपरच्या दोन जोड्या कायम तयार असतात.

बाई अजून दर ऑक्टोबरला, मीठ पडायच्या आधी येतात. चहा घेतात, आणि गाडी खाली उतरली की स्वतः दांडा ओढून खटके मोठ्यानं मोजतात. गेल्या खेपेला सहा भरले.