तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा चौकटींना एकच अक्ष कशाला?

"मॅडम, स्केल फ्री करा ना. खालच्या चौकटी दिसतील तरी." 'आर' या आकडेवारीच्या संगणकीय भाषेत काढलेले माझे पावसाचे आलेख, प्रत्येक तालुक्याला एक चौकट असलेले, ज्यांनी पाहिले, त्यांपैकी बहुतेकांनी मला हे सांगितलं आहे. आलेखाच्या अशा छोट्या चौकटी पाडणाऱ्या फॅसेट रॅप या आज्ञेत एक शब्द लिहिला की प्रत्येक चौकटीचा उभा अक्ष आपापल्या आकड्यांपुरता होतो, हे मला माहीत आहे. "तुलना करता यावी म्हणून" असं उत्तर मी आजवर देत आले. ते खोटं नाही, पण खरं कारण वेगळं आहे.

एरवी तुमचे फोन येतात ते एरर आल्यावर. मार्जिन फार मोठे आहेत अशी तक्रार करून आलेखच निघत नाही. खाली, डावीकडे, वर आणि उजवीकडे 5.1, 4.1, 4.1, 2.1 ओळींची जागा आधीच राखलेली असते. छोट्या खिडकीत सहा आलेख मागितले की चित्राला काही उरत नाही. खिडकी मोठी करा, मार्जिन कमी करा. 'पार' या सेटिंगच्या आज्ञेत एमएफरो (एका पानावर किती आलेख, ते) लिहूनही जीजीप्लॉट या आलेखांच्या पॅकेजचे आलेख शेजारी बसत नाहीत, कारण जीजीप्लॉट ग्रिड या वेगळ्या चित्रणपद्धतीवर चालतो आणि 'आर'च्या मूळच्या बेस ग्राफिक्सची ती सेटिंग त्याला लागूच होत नाही. तिथे आलेख जोडणारं पॅचवर्क हे पॅकेज वापरा. या चुका निदान समोर येतात.

माझी चूक 2019 ची. सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके, दरवर्षीचा पाऊस, प्रत्येक तालुक्याला एक चौकट. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, माणला पाचशेच्या आसपास. एकच अक्ष ठेवला तर माण तळाशी चिकटतं, म्हणून मी स्केल फ्री केलं. फाईलमध्ये नावं इंग्रजीत होती आणि चौकटी वर्णानुक्रमाने येत होत्या. मला नावं मराठीत हवी होती आणि क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे: आधी महाबळेश्वर, मग जावळी, शेवटी माण आणि फलटण. मी त्या क्रमाने मराठी नावांची यादी केली आणि फॅक्टरच्या (गटांची नावं ठरलेल्या क्रमाने ठेवणाऱ्या स्तंभाच्या) लेव्हल्सना, म्हणजे त्यातल्या नावांच्या यादीला, सरळ नेमून दिली. एरर नाही, वॉर्निंगही नाही. चित्र देखणं आलं होतं.

बैठक साताऱ्यात होती. मी बोलत असताना माण तालुक्यातल्या म्हसवडचे एक वयस्क शेतकरी उठून पडद्याजवळ गेले आणि त्यांनी माणच्या चौकटीतले बारीक आकडे वाचले. "मॅडम, हा आकडा माणचा नाही. एवढा पाऊस आमच्याकडं पडला असता, तर 2012 ला जनावरं छावणीला बांधायची वेळ आली नसती."

तेव्हाच थांबून "तपासून सांगते" म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, पर्जन्यमापक एका ठिकाणी असतो, गावोगाव फरक पडतो. ते म्हणाले, "दुप्पट फरक?" मी पुढची स्लाईड लावली. ते परत जागेवर जाऊन बसले आणि नंतर काही बोलले नाहीत. त्या खोलीत माणचा पाऊस उघड्यावर राहून पाहिलेले तेवढे एकटे होते आणि मी त्यांना पर्जन्यमापक समजावून सांगितला होता.

रात्री स्क्रिप्ट उघडली. लेव्हल्सना नवी यादी दिली की क्रम बदलत नाही, फक्त नाव बदलतं. इंग्रजी वर्णानुक्रमात सातारा दहावा, माझ्या यादीत दहावं नाव माण. म्हणजे सातारा तालुक्याचा पाऊस माणच्या नावाखाली होता. महाबळेश्वरचा कराडच्या. अकराच्या अकरा चौकटी चुकल्या होत्या. जुनी नावं हव्या त्या क्रमाने लेव्हल्समध्ये आणि मराठी नावं त्याच क्रमाने लेबल्समध्ये, म्हणजे दाखवायच्या नावांत, असा फॅक्टर नव्याने बांधायला हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, "कागद सुधारून पाठवणार ना सगळ्यांना?" पाठवला.

कुणी म्हणतं, 2020 मध्ये आर 4.0.0 आल्यापासून फाईल वाचताना अक्षरांचे आपोआप फॅक्टर होत नाहीत, आता ही भीती नाही. आहे. क्रम हवा असला की आपण फॅक्टर हाताने करतोच, आणि लेव्हल्सना नवी यादी नेमणारी तीच ओळ तिथेही लिहिता येते.

तर एकच अक्ष यासाठी. तो असता तर कराडच्या नावाखाली पाच हजारांचे खांब पहिल्याच नजरेत उभे दिसले असते. मोकळ्या अक्षाने अकराही चौकटी सारख्याच भरलेल्या दाखवल्या आणि त्यात माझी चूक लपली.

पण मग माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "एकच अक्ष ठेवल्यावर माणचा दुष्काळ कुठे दिसतो?" मला उत्तर देता आलं नाही. सहा हजारांच्या अक्षावर पाचशेचे अडीचशे झाले तर केसभर फरक पडतो. माणसं तगतात की घर सोडतात, हे त्या केसभर फरकावर ठरतं. 2019 मध्ये मी स्केल फ्री केलं ते आळसाने नाही, माण दिसावं म्हणूनच केलं होतं. त्या वेळच्या मला आज मूर्ख म्हणायला मी तयार नाही. सरासरीच्या टक्क्यांत काढून पाहिलं. दुष्काळ ठळक दिसला, पण टक्क्यांत सगळे तालुके पुन्हा सारखे होतात, आणि नावं अदलाबदल झाली तरी कळणार नाही.

सध्या दोन्ही काढते. एकच अक्ष असलेला आधी, स्वतःसाठी, नावं तपासायला. मग मोकळ्या अक्षाचा, त्यात प्रत्येक चौकटीच्या पट्टीवर नावाशेजारी सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिते. छापायला कुठला द्यायचा, यावर दरवेळी अडते. या आठवड्यातही दोन्ही फाईली समोर उघड्या आहेत आणि मी अजून एकही पाठवलेली नाही.