मोल्डिंग मशीन प्रत्यक्ष पाहायला जाताना : काही फाउंड्र्यांच्या भेटीचा वृत्तांत

मोल्डिंग मशीन, म्हणजे धातू ओतण्यासाठी वाळूचे साचे तयार करणारे यंत्र, घ्यायचे ठरले की माहितीपत्रके आणि चलचित्रे यांचा ढीग जमा होतो, आणि त्या सगळ्यांत यंत्र एकच काम करताना दिसते, ते म्हणजे भराभर साचे बाहेर काढण्याचे. वाळू कशी आहे, पॅटर्न (वाळूत ठसा उमटवणारा नमुना) बदलायला किती वेळ जातो, पाळी सुरू होतानाचे पहिले साचे कसे निघतात, यांपैकी काहीही त्यांत नसते. म्हणून आमच्या मोल्डिंग विभागातील आणि देखभालीतील सहकाऱ्यांना बरोबर घेऊन, निरनिराळ्या पद्धतींची यंत्रे जिथे रोजच्या उत्पादनात आहेत अशा काही फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) मी पाहून आलो. अशाच कामासाठी निघणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत.

निघण्यापूर्वीची तयारी थोडी असली तरी ती टाळू नये. आपल्या कास्टिंगची (ओतीव वस्तूंची) यादी, प्रत्येकाचे वजन, वाळू ज्यात ठासतात त्या सध्याच्या बॉक्सचे माप, कोअरची (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी साच्यात बसवायच्या गाभ्यांची) संख्या आणि एका वेळी किती नग लागतात ही माहिती एका कागदावर सोबत असली, तर समोरचा माणूस मोघम न बोलता नेमके बोलतो. साच्याचा कडकपणा मोजायचे बी-स्केलचे टेस्टर, दुरून तापमान घेणारा इन्फ्रारेड थर्मामीटर, स्टॉपवॉच आणि चांगली बॅटरी एवढी साधने पुरतात. सिंथेटिक कपडे घालू नयेत; जाड सुती कपडे, सेफ्टी शूज, चष्मा, कानाचे मफ आणि बारीक धूळ अडवणारा मास्क हवाच, कारण सिलिका वाळूची जी धूळ डोळ्यांना दिसत नाही तीच फुफ्फुसांना जास्त घातक असते. छायाचित्रांची परवानगी आधीच लेखी मागावी. यंत्र यजमानांचे असले तरी त्यावरचा पॅटर्न बहुधा त्यांच्या ग्राहकाचा असतो. वेळ मागताना पाळी सुरू होण्याआधीची मागावी. रात्रभर हॉपरमध्ये पडून राहिलेल्या वाळूचे ते लोक काय करतात, हे पाहण्याची संधी दुपारी मिळत नाही.

पहिली भेट जोल्ट-स्क्वीझ यंत्रांच्या फाउंड्रीची होती. या यंत्रात पॅटर्न आणि वाळूने भरलेला बॉक्स असलेले टेबल दाबाच्या हवेने उचलून पुन्हापुन्हा खाली आपटले जाते. वाळू स्वतःच्याच वजनाने खाली बसते, त्यामुळे पॅटर्नजवळ ती घट्ट होते आणि वरचा थर सैल राहतो. त्यानंतर वरून दाब दिला की उलटे होते, म्हणजे दाबणाऱ्या प्लेटजवळची वाळू सर्वांत घट्ट होते. दोन्ही क्रिया एकत्र केल्याने साचा वरपासून खालपर्यंत बराचसा एकसारखा होतो, हे या यंत्राचे सगळे तत्त्व. ते साधे, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपे आहे. आवाज मात्र इतका की शेजारच्या माणसाशी खुणांनीच बोलावे लागते.

तिथे एक ड्रॅग (साच्याचा खालचा अर्धा भाग) बाजूला ठेवून घेऊन आम्ही टेस्टर लावला. पार्टिंगच्या, म्हणजे साच्याचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात त्या, सपाट भागावर काटा ८५ च्या पुढे गेला. खोल खिशाच्या उभ्या भिंतीवर मात्र तो ७० च्याही खाली राहिला. टेस्टर सपाट भागावर लावून समाधान मानणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा, कारण कास्टिंग बिघडते ते त्या भिंतीपाशी. वितळलेल्या लोखंडाच्या दाबाने सैल भिंत मागे सरकते, कास्टिंग फुगते, वजन वाढते, आणि आत भरपाईला धातू कमी पडल्याने पोकळी राहते. एसजी आयर्नमध्ये (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडात) हे अधिकच जाणवते, कारण घट्ट होताना ग्रॅफाइट प्रसरण पावते आणि तो जोर साच्याच्या भिंतीवर येतो. भिंत खंबीर असेल तर तेच प्रसरण पोकळी भरून काढते आणि रायझर (भरपाईचा धातू पुरवणारा साठा) लहान ठेवता येतो. भिंत हलली तर तो सगळा फायदा वाया जातो.

त्या यंत्रावरचा कारागीर दाब देण्यापूर्वी प्रत्येक खोल जागी बोटांनी वाळू चेपत होता. पॅटर्न उचलताना व्हायब्रेटर किती वेळ चालू ठेवायचा, हेही तो कानानेच ठरवत होता. काम उत्तम होते, पण ते यंत्राचे किती आणि त्या माणसाचे किती, हा प्रश्न उरतोच. म्हणून अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी दुसऱ्या पाळीचे साचेही पाहावेत, निदान दोन्ही पाळ्यांच्या रिजेक्शनचे आकडे शेजारी ठेवून विचारावेत. त्याचबरोबर रिकामा कोप (वरच्या अर्ध्या भागाचा बॉक्स) ड्रॅगवर ठेवून हाताने आडवा हलवून पाहावा. पिना आणि बुश झिजलेले असतील तर तो हलतो, आणि जेवढा हलतो तेवढा मिसमॅच (दोन अर्ध्या भागांचा सरकलेला जोड) कास्टिंगवर उतरण्याची शक्यता असते. बुश कधी बदलायचे याची नोंदवही असलेली फाउंड्री आणि ‘खराब झाले की बदलतो’ असे सांगणारी फाउंड्री यांच्या फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) विभागांत केवढा फरक असतो, ते ग्राइंडरच्या ठिणग्यांवरूनच कळते.

माझे मत असे झाले की मोल्डिंग मशीन पाहायला गेलेल्या माणसाने निम्म्याहून अधिक वेळ सॅण्ड प्लांटमध्ये, म्हणजे वाळू तयार करण्याच्या विभागात, घालवावा. ग्रीन सॅण्ड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाईट (वाळूचे कण बांधून ठेवणारी माती), पाणी आणि लोखंडाच्या कामासाठी कोळशाची भुकटी यांचे मिश्रण. ओलावा साधारण ३ ते ४ टक्के असतो, पण नुसत्या ओलाव्याच्या आकड्यावरून वाळू यंत्राला चालेल की नाही हे कळत नाही. त्यासाठी कॉम्पॅक्टिबिलिटी पाहावी लागते. ठरावीक उंचीच्या नळीत वाळू सैल भरून तिच्यावर ठरावीक वजनाचे तीन ठोके दिले की उंची किती टक्के कमी झाली, तो हा आकडा. यंत्राने केलेल्या साच्यांसाठी तो बहुधा ३५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. तो फार खाली आला तर साच्याच्या कडा भुसभुशीत होऊन वाळू कास्टिंगमध्ये जाते. फार वर गेला तर वाळू हॉपरमध्ये अडकते, खोल जागी नीट पोचत नाही आणि वायूच्या पोकळ्या वाढतात. हा आकडा एका पाळीत किती वेळा घेतला जातो आणि तो पाहून पाण्याचे प्रमाण कोण बदलतो, हे दोन प्रश्न न चुकता विचारावेत. एका ठिकाणी प्रयोगशाळा चकचकीत होती, पण तिचा निकाल मुलरपर्यंत (वाळू मिसळणाऱ्या यंत्रापर्यंत) पोचेपर्यंत ती वाळू साच्यात जाऊन वर धातूही ओतला गेलेला असे.

दुसरी गोष्ट तापमानाची. यंत्रावरच्या हॉपरमध्ये पडणारी वाळू ५० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर असेल, तर मशीन कोणाचेही असो, त्रास ठरलेला. गरम वाळूतली वाफ तुलनेने थंड पॅटर्नवर जमते, वाळू चिकटते, कडा तुटतात. शिवाय मुलरमध्ये मोजलेला ओलावा यंत्रापर्यंत टिकत नाही. परत आलेल्या वाळूत पाणी घालून हवेच्या झोतात ते उडवणे हा थंड करण्याचा नेहमीचा मार्ग आहे, आणि ढोबळ हिशेब असा की वाळूच्या वजनाच्या १ टक्का पाणी उडाले की तापमान सुमारे २५ अंशांनी उतरते. थर्मामीटर घेऊन पट्ट्याच्या कडेने चालत गेल्यास हे सगळे काही मिनिटांत समजते.

क्षमतेचा हिशेब तर घरून निघण्यापूर्वीच करून ठेवावा. ६०० × ६०० मिलिमीटरचा बॉक्स, कोप आणि ड्रॅग प्रत्येकी २०० मिलिमीटर उंच, म्हणजे ०.१४४ घनमीटर, ठासलेली वाळू घनमीटरला दीड टन धरली तर एका साच्याला सुमारे २१६ किलो वाळू लागते. तासाला ६० साच्यांना हे सुमारे १३ टन होतात, १२० साच्यांना जवळजवळ २६ टन, आणि सांडणारी वाळू वेगळीच. सॅण्ड प्लांट तासाला १५ टनांचा असताना १२० साच्यांचे यंत्र पाहत फिरणे म्हणजे मनाची करमणूक होय.

उभ्या पार्टिंगच्या, बॉक्सविरहित मोल्डिंग लाईनची भेट सर्वांत वेगळी ठरली. या पद्धतीचे पेटंट डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक वॅग्न ऑगे जेपेसन यांनी १९५७ मध्ये मांडले आणि पुढे ते डिसा कंपनीकडे गेले. त्यातून आलेले पहिले डिसामॅटिक यंत्रच तासाला २४० साचे काढू शकत असे. दोन पॅटर्न प्लेटांमधल्या कोठीत हवेच्या झोताने वाळू मारली जाते आणि दाबली जाते. मग एक प्लेट वर झुलून बाजूला होते आणि दुसरी तयार ठोकळ्याला ढकलून पुढच्या ठोकळ्याला भिडवते. प्रत्येक ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना ठसा असल्याने दोन ठोकळ्यांमध्ये एक पोकळी तयार होते. उचलायला, परत आणायला, दुरुस्त करायला बॉक्सच नाहीत, ही मोठीच सोय आहे.

पण तासाला २४० साचे म्हणजे दर १५ सेकंदांना एक साचा, आणि त्याच वेळात कोअर बसले पाहिजेत, धातूही ओतला गेला पाहिजे. रनरसह (धातू आत नेणाऱ्या वाटेसह) एका साच्यात २० किलो धातू जात असेल तर तासाला ४.८ टन धातू अखंड हवा. आमच्यासमोर भट्टीकडून धातू यायला उशीर झाला आणि सगळी रांग उभी राहिली. यंत्र बिचारे निर्दोष होते. इथे जाणाऱ्यांनी यंत्राच्या चक्राची वेळ न मोजता, एका तासात खरोखर ओतलेले साचे मोजावेत. ओतण्यापासून शेक-आउटपर्यंतची (साचा फोडून कास्टिंग काढण्याच्या जागेपर्यंतची) लांबी कास्टिंग थंड व्हायला पुरते का, तेही पाहावे, कारण जाड कास्टिंग आले की ही लांबी अपुरी पडून यंत्राचा वेग मुद्दाम कमी करावा लागतो. आडव्या पार्टिंगचे जुने पॅटर्न इथे तसेच चालत नाहीत. गेटिंग (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांची रचना) नव्याने आखावे लागते, आणि एकावर एक असलेल्या ठशांपैकी खालच्यांवर धातूचा दाब जास्त येतो, याचाही विचार करावा लागतो. मोजक्या प्रकारच्या कास्टिंगचे भरपूर नग असणाऱ्यांसाठी ही पद्धत उत्तम. आमची यादी पाहून तिथल्या पर्यवेक्षकांनी स्वतःच नकारार्थी मान हलवली.

आडव्या पार्टिंगचे बॉक्सविरहित मॅचप्लेट (एकाच प्लेटच्या दोन्ही बाजूंना पॅटर्न असलेले) यंत्रही पाहिले. लहान कास्टिंग, वारंवार बदलणारे पॅटर्न आणि थोडी जागा असलेल्यांना ते सोयीचे आहे. ओतण्यापूर्वी साच्यांवर जॅकेट (साच्याला बाहेरून आधार देणारी चौकट) आणि वजने ठेवावी लागतात. ती कशी ठेवली जातात, जॅकेट वाकडी झाली आहेत का, एवढे नीट पाहिले तरी पुरे.

शेवटी उच्च दाबाची, बॉक्स असलेली स्वयंचलित लाईन पाहिली. तिथे आधी हवेचा प्रवाह वाळूतून पॅटर्न प्लेटकडे नेऊन खोल जागा भरल्या जात, आणि नंतर अनेक छोट्या पिस्टनांचे डोके पॅटर्नच्या उंचसखल आकाराप्रमाणे दाब देई. दाब चौरस सेंटिमीटरला १० किलोच्या आसपास होता. टेस्टर लावला तेव्हा उभ्या भिंती आणि सपाट भाग यांतला फरक फारच थोडा निघाला, आणि पहिल्या फाउंड्रीतल्या खोल खिशाचा प्रश्न इथे बोटांशिवाय सुटलेला दिसला. त्याची किंमत मात्र इतर ठिकाणी मोजावी लागते. जुने, वाकलेले बॉक्स या दाबाखाली ताणले जातात आणि दाब निघताच परत येताना साचा चिरतात. लाकडी पॅटर्न टिकत नाही, धातूचा किंवा चांगल्या रेझिनचा लागतो. हवा निघून जाण्यासाठी पॅटर्न प्लेटमध्ये बसवलेल्या व्हेंटच्या बारीक फटी वाळूने बुजतात. पॅटर्न बदलताना एक कामगार पातळ पात्याने एकेक फट मोकळी करत होता, मग हवा मारून, प्लेटमागे बॅटरी धरून उजेड पलीकडे दिसतो का ते पाहत होता. हे काम कोणाकडे सोपवले आहे, हे जरूर विचारावे; ते कोणाकडेच सोपवलेले नसेल तर हवेच्या प्रवाहाच्या सगळ्या फायद्यावर पाणी पडते.

कडकपणा वाढला की सगळे भले होते असेही नाही. फार घट्ट साच्यातून वायू बाहेर पडायला वाट कमी राहते, आणि ५७३ अंशांजवळ क्वार्ट्‌झ एकदम प्रसरण पावते तेव्हा कणांना सरकायला जागा नसल्याने पृष्ठभागाचे पापुद्रे उचलले जाऊन स्कॅब येतात. म्हणून उच्च दाबाच्या यंत्राबरोबर वाळूची पारगम्यता आणि कणांची विभागणी नव्याने बसवावी लागते.

कोणाला विचारावे, याबद्दल थोडे. व्यवस्थापक यंत्राबद्दल चांगलेच बोलतात, कारण ते त्यांनीच निवडलेले असते. देखभालीच्या माणसाला सुट्या भागांची फळी दाखवायला सांगावी. कोणते सील आणि व्हॉल्व्ह ढिगाने ठेवले आहेत, यावरून यंत्र कुठे दुखते ते उमगते. दाबाच्या हवेत पाणी येते का, ड्रायर चालू आहे का, हे त्यालाच विचारावे, कारण व्हॉल्व्हच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ तिथे असते. आणि रिजेक्ट झालेल्या कास्टिंगच्या ढिगापाशी निवांत उभे राहावे. वाळूचे खड्डे, वायूची छिद्रे, फुगवटा, मिसमॅच यांपैकी काय अधिक दिसते, त्यावरून वाळू, साचा आणि बॉक्स यांपैकी दुखणे कुठे आहे, याचा बराच अंदाज येतो.

आमच्यापुरता निर्णय असा झाला की आधी वाळू थंड करण्याची आणि कॉम्पॅक्टिबिलिटी मुलरपाशीच मोजण्याची व्यवस्था करायची, आणि त्यानंतर उच्च दाबाचे, पण मध्यम वेगाचे यंत्र घ्यायचे. ज्यांचा निर्णय चाचणीवर अवलंबून असेल त्यांनी आपला सर्वांत अवघड पॅटर्न पाठवावा, सोपा पाठवू नये. साचे नुसते पाहून परत न येता त्यांत धातू ओतून घ्यावा, प्रत्येक कास्टिंगवर साच्याचा अनुक्रमांक टाकून त्याचे वजन करावे आणि त्या दिवशीच्या वाळूचे आकडे त्याच कागदावर लिहून घ्यावेत. पहिल्या आणि शेवटच्या कास्टिंगच्या वजनात फरक पडत गेलेला दिसला, तर करारावर सही करण्यापूर्वी त्याचे कारण लेखी मागावे.