वहीत नसलेला रकाना

आज दिवसभर मालवणजवळच्या खाडीत, गुडघाभर चिखलात, कांदळवनातली झाडं मोजत होतो. तिवराच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घ्यायचा. कांदळाला मात्र आधारमुळांचं जाळं, तिथे सगळ्यात वरच्या मुळाच्याही वर टेप धरावी लागते. घेरावरून झाडाचं वजन काढायचं आणि त्याच्या साधारण निम्मा कार्बन धरायचा. खरा मोठा साठा पायाखालच्या चिखलात असतो, त्याचे नमुने वेगळे.

ओहोटीला कालवं काढायला आलेल्या एक काकी थांबल्या. "झाडां मोजून काय गावतलां?"

म्हटलं, ही झाडं लाटांचा जोर मोडतात, मुळांत माशांची पिल्लं वाढतात, त्याचं मोल रुपयांत मांडायचंय.

"कालवां इकून दोन पोरांची शाळा केलंय मी. तां खंय लिवलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१९९७ साली पर्यावरण-अर्थतज्ज्ञ रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या पृथ्वीवर निसर्ग देतो त्या अशा सेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढली होती. असे आकडे हवेतच. आकडा नसला की एखादी जेटी बांधायच्या हिशेबात खाडीचं मोल शून्य धरलं जातं. पण जी कालवं बाजारात न जाता घरच्या कालवणात पडतात, ती कुठल्या पावतीवर दिसणार? संध्याकाळभर तेच डोक्यात आहे.

उद्याच्या ओहोटीला काकींबरोबर जाणार आहे. किती विकली, किती घरात राहिली, दोन्ही लिहून घेईन.